‘अजरामर’ या शब्दाचा कावा : गणपत पाटील, नाच्या आणि आपला समीक्षाव्यवहार

मराठी चित्रपटाविषयीच्या लेखनात एक विधान ठरल्यासारखे आढळते : अमक्या नटाने तमकी भूमिका ‘अजरामर केली’. वरवर हे गौरवाचे विधान आहे. प्रत्यक्षात ते विचार थांबवणारे विधान आहे, कारण भूमिका अमर झाली की नटाचे काय झाले, हा प्रश्न कुणी विचारत नाही. गणपत पाटील यांच्याबाबत नेमके हेच घडले. कोल्हापूरच्या या नटाने तमाशापटांतून ‘नाच्या’ साकारला, वर्षानुवर्षे साकारला आणि २३ मार्च २००८ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा मृत्युलेखांत तेच एक विशेषण उरले होते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, एका नटाला एकाच भूमिकेत कोंडण्याची ही प्रक्रिया नटाच्या स्वभावाचा किंवा दैवाचा भाग नव्हती. ती एक व्यवस्था होती, आणि आपली समीक्षा त्या व्यवस्थेची भागीदार होती.

प्रथम ‘नाच्या’ या पात्राकडे पाहू. तमाशाच्या परंपरेत स्त्रिया फडावर येण्यापूर्वी स्त्रीवेशात नाचणारा ‘नाच्या पोऱ्या’ हा खेळाचा मध्यवर्ती कलावंत होता. पुढे पवळाबाई हिवरगावकरांसारख्या स्त्री-कलावंत फडावर आल्या आणि नाच्याचे स्थान बदलले. परंतु गण, गवळण, बतावणी, लावणी आणि वग या रचनेत हजरजबाबी टीकेची एक जागा शिल्लक होती. राजाला, पाटलाला, शास्त्रीबुवांना चारचौघांत उघडे पाडण्याचा परवाना सोंगाड्याकडे होता. तमाशापटाने हे पात्र उचलले तेव्हा त्याच्यातले नृत्य नायिकेकडे गेले, उपहास नायकाच्या मित्राकडे गेला आणि नाच्याकडे उरली ती फक्त चाल, टाळी आणि आवाजाची पट्टी. ज्या पात्राने समाजाला हसायचे, त्यालाच हसण्याचा विषय करण्यात आले. ‘केला इशारा जाता जाता’ (१९६५) सारख्या चित्रपटांच्या काळात हा साचा पक्का झाला. पडद्यावरच्या पाटलाचे पुरुषत्व ठसठशीत दिसावे म्हणून त्याच्या शेजारी एक ‘अपुरा’ पुरुष उभा करायचा, एवढेच त्या साच्याचे प्रयोजन होते.

येथे आक्षेप घेतला जाईल की, पुरुषाने स्त्रीत्व साकारण्याची आपल्याकडे थोर परंपरा आहे. तिची टवाळी कुठे झाली? आक्षेप रास्त आहे, आणि तोच आपल्या मूल्यव्यूहाचे बिंग फोडतो. बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका केल्या. त्यांच्या शालूची, चालीची नक्कल घरंदाज स्त्रियांनी केली, आणि १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ‘धर्मात्मा’ (१९३५) मध्ये ते एकनाथ झाले, म्हणजे पुरुषभूमिकेत येण्याची वाटही त्यांना मोकळी होती. एकाच कृतीला नाट्यगृहात ‘लालित्य’ आणि तमाशापटाच्या तंबूत ‘बायकीपणा’ म्हणणारी आपली अभिरुची कोणती? तिला सौंदर्यदृष्टी म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे. कृती एकच, पण पहिली अभिजनांच्या मंचावर घडते आणि दुसरी त्या कलाप्रकाराच्या छायेत, ज्याचा भार मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी समाजांतील कलावंतांनी वाहिला. मंचाची प्रतिष्ठा आपण नटाच्या देहावर लिहितो आणि मग ती त्याच्या देहाचाच गुण असल्यासारखी वाचतो.

ही वाचनपद्धती केवळ आपली नाही. अमेरिकन बोलपटाच्या आरंभकाळात लिंकन पेरी (१९०२–१९८५) हा कृष्णवर्णीय नट ‘स्टेपिन फेचिट’ या नावाने गाजला. आळशी, मंद, पाय ओढत चालणारा नोकर ही त्याची ठरलेली भूमिका. ‘हार्ट्स इन डिक्सी’ (१९२९) आणि जॉन फोर्डचा ‘जज प्रीस्ट’ (१९३४) ही तिची उदाहरणे. पडद्यावर अडाणी दिसणारा हा माणूस ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात स्तंभ लिहीत असे. हॉलिवूडने आधी त्याला श्रीमंत केले. पुढे नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात त्याच्याच समाजाला त्याची लाज वाटू लागली. १९६८ च्या एका दूरचित्रवाणी माहितीपटाने त्याला बदनामीचे प्रतीक ठरवले. त्यावर त्याने खटला भरला आणि तो हरला. म्हणजे साचा ज्यांनी घडवला ते सुटले, आणि ज्याने तो अंगावर वागवला त्याच्यावर आरोपपत्र आले.

तुलनेची मर्यादा येथेच नोंदवली पाहिजे. पेरीचा वर्ण रंगभूषेने पुसला जाणारा नव्हता. गणपत पाटलांचा नाच्या ही रंगभूषा होती. परंतु ती उतरत नव्हती, हेच त्यांच्या कारकिर्दीचे भेदक सत्य आहे. पडद्यावरची प्रतिमा त्यांच्या घरापर्यंत आली. गृहस्थ म्हणून, पिता म्हणून त्यांना शंकेच्या नजरा सोसाव्या लागल्या. ‘रंग नटरंग’ हे आत्मकथन त्यांना लिहावेसे वाटले, यातच पडद्यामागे कुणीतरी दुसरा माणूस आहे हे सांगण्याची निकड दिसते. त्या आत्मकथनाची अभिनयविषयक संहिता म्हणून चिकित्सा आपण कधी केली? नटाच्या आत्मचरित्राला आपण आठवणींच्या कप्प्यात टाकतो आणि सिद्धान्त मात्र स्तानिस्लाव्हस्कीकडून मागवतो.

१ जानेवारी २०१० रोजी ‘नटरंग’ प्रदर्शित झाला. आनंद यादवांच्या कादंबरीवरील या चित्रपटात नाच्याची शोकान्तिका प्रथमच गांभीर्याने पडद्यावर आली, याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. अतुल कुलकर्णी यांचे कामही तोलामोलाचे आहे. पण त्या कामाचे कौतुक कोणत्या शब्दांत झाले ते पाहावे : ‘आवाका’, ‘परिवर्तन’, ‘अभ्यास’. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेला नट नाच्या होतो तेव्हा ती कला ठरते, कारण त्यातून तो परत येणार हे आपल्याला ठाऊक असते. गणपत पाटील नाच्या झाले तेव्हा ती ‘उपजत देणगी’ ठरली. ज्याच्याकडे परतीचे तिकीट आहे त्याला आपण अभिनेता म्हणतो. ज्याच्याकडे नाही, त्याला नमुना. दोष कुलकर्णींचा नाही. दोष त्या दोन शब्दसंग्रहांचा आहे, आणि ते आपण समीक्षकांनीच पुरवले आहेत.

हा वाद बीड जिल्ह्यात बसून मांडण्यास कारण आहे. अंबाजोगाई ही मुकुंदराजांची आणि दासोपंतांची भूमी, हे आम्ही पदव्युत्तर वर्गात शिकवतो. त्याच वर्गातला विद्यार्थी तोंड उघडतो तेव्हा त्याची बोली ऐकून शहरातला श्रोता आधी हसतो आणि मग ऐकतो. हे हसू चित्रपटाने शिकवले आहे. पडद्यावर मराठवाडी बोली आली की ती बहुधा भाबड्याची किंवा बेरक्याची असते. वकिलाची, प्रेमिकाची, विचारवंताची क्वचित. उलट लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात याच बोलीच्या आधारे ५२ पात्रे उभी केली, आणि त्यांच्यानंतर माजलगावच्या संदीप पाठक यांनी तो प्रयोग पुढे चालवला. एका बोलीत बावन्न माणसे मावतात, हे मंचावर सिद्ध झाले आहे. तरीही पडदा तिच्यातून एकच माणूस काढत असेल, तर तोकडेपणा बोलीचा नसून निर्मात्याच्या कल्पनेचा आहे.

अलीकडची एक कठोर समीक्षा नाच्याचे चित्रण अपमानकारक ठरवून ते चित्रपटच अभ्यासाबाहेर टाकू पाहते. तिचा संताप खरा आहे, पण मार्ग चुकलेला आहे. स्तुतिपर समीक्षेने पाटलांना ‘अजरामर’ करून मारले. ही समीक्षा त्यांना साच्यासकट पुरू पाहते. दोघींनाही नटाचे श्रम दिसत नाहीत. ठरावीक चौकटीत, ठरावीक चार हालचालींच्या भांडवलावर हा नट दर वेळी प्रेक्षकाला कसा धरून ठेवत होता? टाळी कोणत्या मात्रेवर येत होती, नजर कुठे थांबत होती, विनोद कुठे स्वतःवर आणि कुठे हळूच पाटलावर उलटत होता? हे प्रश्न चित्रपट पुन्हा पाहिल्याशिवाय सुटणार नाहीत.

म्हणून मागणी साधी आहे. मराठी अभिनयाचा इतिहास लिहिताना कुणी कोणती भूमिका केली, याबरोबर कुणाला कोणती भूमिका नाकारता आली, हेही लिहावे. नकाराचा हक्क काहींनाच होता. ज्यांना तो नव्हता त्यांच्या कामाला ‘सहज’ म्हणण्याचे आपण थांबवले, तर निदान गणपत पाटील या माणसाला नट म्हणून वाचायला सुरुवात होईल.