पेटी उघडण्याचे वेड

मांजरसुंब्यात सोलापूर-धुळे महामार्गावरच्या हॉटेलांत बसून बीजीएमआय खेळणाऱ्या पोरांचा राग हरण्याबद्दल नसतो. रुपये मोजून यूसी घ्यायचे, क्रेट म्हणजे पेटी उघडायची आणि हवी ती बंदूक निघतच नाही, हा खरा राग. तरीही पुढची पेटी उघडली जातेच. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की कळ दाबणे सुटत नाही, हे बी. एफ. स्किनर यांना कबुतरांवरच्या प्रयोगांत दिसले होते. मटक्याचे गणितही वेगळे नाही.

बेल्जियमने २०१८मध्ये अशा विकतच्या पेट्यांना जुगार ठरवले. आपल्या ऑगस्ट २०२५च्या कायद्याचा रोख मात्र पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. पेटीतून रोकड नव्हे, बंदुकीचा रंग निघतो. कंपन्यांना ही फट सोयीची आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आजारांच्या यादीत घेतले आहे. पण निदानासाठी साधारण १२ महिन्यांची लक्षणे पाहतात; खाते त्याआधीच रिकामे होऊ शकते. बीडमध्ये तर कित्येक आईबाप हंगामभर ऊसतोडीला बाहेर. घरी आजी, नातू आणि फोन. यूपीआयचा पिन बहुधा नातवालाच पाठ. तो बदलून आईबापांनी स्वतःकडे ठेवणे, एवढे तरी आजच करता येते.