दोन ओळी आणि वीस महिने

१३ मे २००८ रोजी डेबियन या लिनक्स वितरणाने आपल्या वापरकर्त्यांना कळवले की, सप्टेंबर २००६ पासून आमच्या प्रणालीवर ओपनएसएसएलच्या साहाय्याने बनलेल्या किल्ल्या फेकून द्या आणि नव्या बनवा. किल्ली म्हणजे इथे एक प्रचंड मोठा, कोणालाही अंदाज येणार नाही असा आकडा. ब्राउझर एखाद्या संकेतस्थळाशी गुप्तपणे बोलतो किंवा प्रशासक दूरच्या सर्व्हरवर लॉग-इन करतो, तेव्हा सगळी भिस्त या आकड्यावर असते. ओपनएसएसएल ही खुल्या सोर्स कोडची लायब्ररी असे आकडे बनवते. दोष मात्र तिच्या मूळ लेखकांच्या कोडमध्ये नव्हता, डेबियनने बांधलेल्या पॅकेजमध्ये होता. लायब्ररी लिहिणारे एक आणि ती हजारो इतर प्रोग्रामांबरोबर नीट नांदेल अशी बसवून देणारे दुसरे, अशी या जगाची कामाची वाटणी आहे. या दुसऱ्या माणसाला मेंटेनर म्हणतात. वापरकर्त्याला त्याचे नावही ठाऊक नसते. डेबियनच्या चुकीचे खापर तेव्हापासून या मधल्या माणसावर फुटत आले आहे. मला ते निदान चुकीचे वाटते, आणि त्यावर सुचवला जाणारा उपाय तर त्याहून चुकीचा.

आधी चूक जवळून पाहू. रँडम आकडे बनवणाऱ्या फाइलीत दोन फंक्शने होती. एक बाहेरून आलेली अनिश्चितता एका साठ्यात ओतत असे, दुसरे त्या साठ्यातून आकडे काढून देत असे. दोन्हींत एक ओळ अक्षरशः सारखी होती आणि 'बफ' नावाच्या जागेतला मजकूर साठ्यात मिसळत होती. पहिल्या ठिकाणी 'बफ'मध्ये खरा माल असे. दुसऱ्या ठिकाणी ते उत्तर ठेवायला दिलेले भांडे होते. त्याच्या तळाशी जे काही उरलेसुरले असेल तेही वरून चिमूटभर टाकले जाई. न भरलेली मेमरी वाचली जाते आहे, अशी तक्रार व्हॅलग्रिंड हे तपासणीचे साधन करत असे. दुसरी ओळ काढली तरी काही बिघडत नव्हते; मूळ लेखकांनीच तिच्याशेजारी 'प्युरिफाय (असेच आणखी एक साधन) तक्रार करते' अशा अर्थाची टीप लिहून ती वगळण्याची सोय ठेवली होती. मेंटेनरने दोन्ही ओळी काढल्या. ओतणेच थांबले. अनिश्चितता उरली ती फक्त चालू प्रोसेसच्या क्रमांकाची, आणि तो क्रमांक ३२,७६८ च्या आतला. म्हणजे एका प्रकारच्या संगणकावर, एका मापाच्या किल्ल्या जास्तीत जास्त तेवढ्याच. त्या सगळ्या आधीच बनवून ठेवायच्या आणि एकेक लावून पाहायची. साध्या यंत्रणेचे काही तासांचे काम. आणि काहीही बंद पडले नाही. दिसायला प्रत्येक किल्ली इतर कुठल्याही किल्लीइतकीच अगम्य होती. चुकीची रसायने घातलेल्या सिमेंटला निदान तडा तरी जातो. कूटलेखनाच्या कामात तेवढीही दया नाही.

मेंटेनरने न विचारता उद्योग केला, हेही खरे नाही. मे २००६ मध्ये त्याने ओपनएसएसएलच्या लोकांना या दोन ओळींबद्दल विचारले होते, आणि दोष शोधायला मदत होणार असेल तर त्या काढायला हरकत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले होते. प्रश्न त्रोटक, उत्तर ओझरते. बदललेली फाइल मूळ फाइलीशेजारी ठेवून तो कोड जाणणाऱ्या माणसाने वाचणे, ही पायरी मात्र कोणाच्याच जबाबदारीत नव्हती. त्या काळात डेबियनच्या पॅकेजात मूळ कोडवर केलेले सगळे फेरफार सहसा एकाच फाइलीत कोंबलेले असत. मांडणीसाठीच्या किरकोळ दुरुस्त्या आणि रँडम आकड्यांचा गाभा छेडणारा बदल एकाच गाठोड्यात. ते गाठोडे पहिल्या दिवसापासून जगासमोर उघडे होते. हजार डोळे असले की चूक लपत नाही, हे खुल्या सोर्सचे आवडते वचन. इथे तीच चूक त्या डोळ्यांदेखत वीस महिने राहिली. उघडे असणे आणि वाचले जाणे यांतले अंतर किती, ते यावरून मोजावे.

यावर पुष्कळ तज्ज्ञांचे उत्तर असे की वितरणांनी सुरक्षेच्या कोडला हातच लावू नये, मूळ लेखकांनी दिले तसे पुढे द्यावे. ऐकायला हे सोवळे वाटते. पण ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झालेला ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा दोष मूळ लेखकांच्याच कोडमधला होता. मार्च २०१२ मधल्या १.०.१ या आवृत्तीपासून तो 'दिले तसा' जगभर गेला होता. मूळ चमूने १.०.१जी ही नवी आवृत्ती काढली. डेबियन ७ ने मात्र आपली १.०.१ई हीच आवृत्ती ठेवून तिच्यात फक्त ती दुरुस्ती बसवली. महापालिकेचा किंवा रुग्णालयाचा सर्व्हर सांभाळणाऱ्याला नेमके हेच हवे असते: भोक बुजावे, बाकी काही हलू नये. हे काम मूळ लेखक करत नाहीत, मेंटेनर करतो. २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला, तेव्हा तर 'दिले तसे' या धोरणाची पुरती शोभा झाली. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत तो सापळा चालू करणारा तुकडा सार्वजनिक कोडसाठ्यात नव्हताच; तो होता फक्त लेखकाने वितरणांसाठी बांधून दिलेल्या गठ्ठ्यात.

याच प्रकरणातली दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाते. लॉग-इनचे काम करणाऱ्या ओपनएसएसएचला एक्सझेडची गरजच नव्हती. डेबियन, फेडोरा यांसारख्या वितरणांनी आपल्या पॅचने, म्हणजे मूळ कोडवरच्या फेरफाराने, त्याला प्रणालीतल्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीच्या लायब्ररीशी जोडले होते, आणि तिच्या मागून एक्सझेड आत आले. अँड्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्याला लॉग-इनला अर्धा सेकंद जास्त का लागतो असा संशय आला, म्हणून वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत पोचण्याआधी तो चोरदरवाजा पकडला गेला. तेव्हा मेंटेनरच्या पॅचने धोका येऊ शकतो, हे मान्य. पण मूळ कोड बिघडलेला असेल तेव्हा पॅच न करणे हाही निर्णयच असतो. म्हणून वाद पॅच करावा की नाही यावर घालण्यापेक्षा, मूळ आणि वितरित यांतला प्रत्येक फरक सुटा, सकारण आणि नावानिशी असतो का, आणि तो वाचायला कोणी नेमलेले असते का, यावर घालावा. यातला पहिला अर्धा भाग डेबियनने बराचसा केला आहे. आता बहुतेक पॅकेजांत प्रत्येक पॅच वेगळ्या फाइलीत असतो. तो का केला, कोणी केला, मूळ लेखकांकडे पाठवला का, हे माथ्यावर लिहिण्याची रीत आहे. दुसरा अर्धा भाग अजून बराचसा स्वयंसेवकांच्या फुरसतीवर चालतो.

एवढी तपासणी लावली तर तातडीच्या दुरुस्त्या अडकतील, असा आक्षेप येईल. सगळ्या पॅकेजांना ती लावली तर नक्कीच अडकतील. पण किल्ल्या बनवणारा, सह्या तपासणारा, लॉग-इन सांभाळणारा कोड संपूर्ण वितरणाच्या मानाने मूठभर आहे, आणि त्यावरचे पॅचही मोजकेच असतात. मूळ दुरुस्तीच जशीच्या तशी मागे आणली असेल तर ती ताबडतोब जाऊ द्यावी. वितरणाने स्वतः केलेला बदल दुसऱ्या जाणकाराच्या सहीशिवाय जाऊ नये.

हे सगळे दूर कुठेतरी घडते असे समजायला नको. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय प्रणाली डेबियनवरच बेतलेली आहे, आणि केंद्र सरकारने २०१५ मध्ये सरकारी कामासाठी खुल्या सोर्सला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. २००८ चा दोष डेबियनवर बेतलेल्या उबंटूतही जसाच्या तसा उतरला होता. वरच्या धरणात पडलेले खालच्या नळाला येतेच. अशी प्रणाली घेताना किमान कूटलेखनाच्या लायब्ररींपुरती, डेबियनच्या आणि आपल्या पॅकेजमधल्या प्रत्येक फरकाची यादी करारातच मागता येईल, आणि ती वाचणाऱ्या दोन-तीन माणसांचा पगार खर्चात धरता येईल. २००८ च्या त्या किल्ल्यांचा हिशेब तर अजून मिटलेला नाही: ई-मेलवर सही करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काही किल्ल्या त्याच जुन्या कमकुवत साठ्यातल्या असल्याचे २०२४ मध्ये आढळले, सूचना निघून सोळा वर्षे उलटल्यावर.