ड्रिलचा वेग : बिट जाड, तर फेरे कमी

पडद्याची दांडी बसवायची असो की कपाटाला नवी कडी लावायची असो, विजेवर चालणारे ड्रिल घरात असले की सुताराची वाट पाहावी लागत नाही. मात्र कळ पूर्ण दाबायची आणि अंगचा जोर लावायचा, एवढेच तंत्र अनेकांना ठाऊक असते. मग लाकडातून धूर निघतो, टाइल तडकते, नवे कोरे बिट स्टीलवर निळे पडून बोथट होते. दोष यंत्राचा नसतो, वेगाचा असतो.

बिटची कड एका फेऱ्यात किती अंतर कापते, हे त्याच्या जाडीवर ठरते. ३ मिलिमीटरच्या बिटची कड एका फेऱ्यात सुमारे साडेनऊ मिलिमीटर जाते, तर १२ मिलिमीटरच्या बिटची जवळजवळ ३८. फेरे तेवढेच ठेवले तर जाड बिटची कड चौपट वेगाने घासते आणि धार जळते. म्हणून जाडी दुप्पट झाली की फेरे निम्मे करावेत.

दुसरा प्रश्न भोक कशात पाडायचे हा. साध्या लोखंडासाठी हायस्पीड स्टीलचे बिट असेल, तर ८००० ला बिटच्या मिलिमीटरांनी भागावे. ४ मिलिमीटरला मिनिटाला २००० फेरे, ८ ला १०००, असा अंदाज मिळतो. पितळ व अ‍ॅल्युमिनियमला याच्या दुप्पट वेग चालतो. स्टेनलेस स्टीलला निम्मा किंवा त्याहूनही कमी ठेवावा, तेलाचे थेंब सोडावेत आणि दाब एकसारखा द्यावा. बिट नुसते घासत राहिले तर ते स्टील आणखी कडक होते आणि भोक पुढे सरकतच नाही. प्लॅस्टिकला वेग कमीच हवा, नाहीतर ते वितळून बिटला चिकटते. लाकडात बारीक बिट भरधाव चालते. मात्र भोक खोल असेल तर बिट मधूनमधून बाहेर काढून भुसा झाडावा.

लाकडात भोक पाडण्याचे काम किती संयमाचे असते, ते तमिळनाडूत कुंभकोणमच्या पूर्वेला दिसते. एके काळी भोसल्यांच्या तंजावर राज्यात असलेल्या या मुलखात तिरुनीलक्कुडी हे शिवमंदिराचे गाव आहे आणि याच भागात नरसिंगम्पेट्टै येथे नागस्वरम् घडवतात. त्यासाठी जुन्या घरांच्या तुळयांचे, वर्षानुवर्षे मुरलेले आच्चा लाकूड वापरतात. ते आरपार पोखरून निमुळती पोकळी करायची, मग बोटांसाठी सात आणि खाली सूर जुळवण्यासाठी पाच भोके पाडायची. पोकळी वाकडी गेली की सूर बिघडतो आणि तसे मुरलेले लाकूड पुन्हा सहज मिळत नाही. या वाद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागीर घाई का करत नाही, हे वेगळे सांगायला नको.

भिंतीत कार्बाइडचे टोक असलेले बिट व हॅमरची कळ हवी. टाइल असेल तर हॅमर बंद ठेवून, खुणेवर चिकटपट्टी लावून हळू सुरुवात करावी. टाइल पार झाल्यावरच हॅमर चालू करावा. त्याआधी भिंतीतून वायर किंवा नळ गेला आहे का, ते पाहावे. स्विचच्या सरळ वर-खाली भोक टाळावे.

पत्र्याचा छोटा तुकडा हातात धरून भोक पाडू नये. बिट पलीकडे निघताना अडकते आणि पत्रा गरकन फिरून बोटे कापतो. तो शिकंज्यात आवळावा. चश्मा लावावा, बाह्या वर कराव्यात, हातमोजे मात्र घालू नयेत, कारण ते फिरत्या बिटात गुंततात.

नेमका वेग साधला की नाही, हे किसावरून कळते. लोखंडातून लांब, गुंडाळलेला कीस येत असेल तर काम ठीक चालले आहे. बारीक भुकटी आणि धूर येऊ लागला, की थांबावे, वेग कमी करावा आणि बिटची धार तपासावी.