अनुभवाचा उशिरा लागलेला शोध

यंत्राला जीवनानुभव नाही, म्हणून त्याचे लेखन साहित्य नव्हे, असा निर्वाळा आता समीक्षक देऊ लागले आहेत. १९५६ च्या नागपूर येथील धम्मदीक्षेनंतर आत्मभान आलेली पिढी लिहू लागली, तेव्हा हीच समीक्षा बजावत होती की अनुभव हा केवळ कच्चा माल. साहित्यत्व रचनेत असते. शरणकुमार लिंबाळे यांना १९९६ मध्ये ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ मांडावे लागले, ते याच भूमिकेशी झगडत. रचना हेच सर्वस्व असेल, तर असंख्य संहितांतून शब्दांची संगती शिकलेल्या यंत्राला नाकारण्याचा अधिकार रूपवाद्यांना उरत नाही.

मात्र अनुभव म्हणजे साठवलेली माहितीही नव्हे. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला (१९७२) प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांना कित्येक शब्द अडले, त्यांचे अर्थ त्यांनी कवीलाच विचारले. स्वतःच्या जगण्याची सीमा त्यांना ठाऊक होती. यंत्राच्या लेखी सर्वच शब्द सारखे परके. म्हणून त्याला कोणताच अडत नाही.

‘बलुतं’ (१९७८) लिहिल्याबद्दल दया पवारांना स्वकीयांचीही नाराजी सोसावी लागली. यंत्राला आपल्या वाक्यापायी काहीच सोसावे लागत नाही. अनुभव ही जन्मसिद्ध मालमत्ता नव्हे; ती शब्दाची पत्करलेली जबाबदारी आहे. माणूस आणि यंत्र यांतील भेद येथे आहे. पण तो सांगण्यापूर्वी समीक्षेने आपली जुनी चूक कबूल केली पाहिजे.