बाटलीतला ढग

जून उजाडला की सहावी-सातवीच्या वर्गात पाऊस शिकवायची वेळ येते. समुद्राच्या पाण्याची वाफ होते, वर जाते, थंड होते, ढग बनतो. मुले हे एका दमात म्हणून दाखवतात आणि आम्हीही कित्येक वर्षे त्यावर समाधान मानत आलो. गेल्या वर्षी एका मुलीने विचारले, "सर, वर गेल्यावर सूर्य जवळ येतो ना? मग वाफ थंड कशी होते?" वर्ग हसला. आम्हाला मात्र चटकन उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही शीतपेयाची दोन लिटरची रिकामी बाटली वर्गात नेली. तळाला दोन-तीन चमचे कोमट पाणी घातले, झाकण घट्ट लावले, बाटली हलवली. आता ही दोन्ही हातांनी जोरात दाबायची आणि झटकन सोडायची, की आत ढग! असे आम्ही सांगून बसलो. पाच वेळा दाबली, दहा वेळा दाबली. ढगाचा पत्ता नाही. मागच्या बाकावर खुसखुस सुरू झाली.

चूक आमचीच होती. धूर विसरलो होतो. काडी पेटवून विझवली, बाटली किंचित दाबून तिच्या तोंडाशी धरली आणि दाब सोडला. धूर आत ओढला गेला. झाकण लावून पुन्हा दाबली, सोडली. बाटली आतून पांढरी झाली.

"सर, हा तर काडीचा धूरच आहे!" शंका रास्त होती. त्या मुलाच्याच हातात बाटली दिली. दाबली की आत स्वच्छ, सोडली की पांढरे. धूर असता तर दाबल्यावर गेला कुठे? त्याने वीसेक वेळा करून पाहिले, मग शेजाऱ्याने बाटली हिसकावली.

सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो आणि ट्यूबमधून सुटणारी हवा बोटाला गार लागते, हे मुलांना ठाऊक असते. दाबलेली हवा तापते, पसरणारी निवते. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून वर चढणारी हवा पसरते आणि थंड होते. सूर्य पंधरा कोटी किलोमीटर दूर. त्यातले दोन-तीन किलोमीटर कमी झाल्याने काय फरक पडणार! समुद्रावरून येणारे दमट वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, तेव्हा तिथे हेच घडते.

आणि धूर कशाला? वाफेला थेंब होण्यासाठी टेकायला काहीतरी लागते. स्कॉटलंडच्या जॉन एटकन यांनी 1880 साली हे दाखवले. एका भांड्यात साधी हवा, दुसऱ्यात कापसातून गाळलेली; दोन्हींत वाफ सोडली. धुके फक्त पहिल्यात झाले. आकाशात हे काम धूळ, धूर आणि मीठ करतात. आपल्या किनाऱ्यावर लाटा फुटतात तेव्हा मिठाचे बारीक कण हवेत उडतात, तेही ढगाच्या कामी येतात. ढगातला थेंब साधारण मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा असतो. पावसाचा एक थेंब व्हायला असे सुमारे दहा लाख लागतात. महाबळेश्वरला तर पुण्याच्या हवामानशास्त्रज्ञांची खास ढगांसाठी प्रयोगशाळा आहे; सहलीला गेलात तर मुलांना एवढे जरूर सांगा.

घरी करताना काडी अम्मी-अब्बांनीच पेटवावी. अगरबत्तीचा किंवा लोबानाचा धूरही चालतो, पण अगदी थोडा. जास्त भरला की ढग कोणता आणि धूर कोणता हेच कळत नाही. बाटली पातळ प्लास्टिकची घ्या, जाड बाटली मुलांच्या हातांना दबत नाही.

यंदाही आम्ही बाटली वर्गात नेणार आहोत. सुरुवातीला धूर घालायचा नाही, हे आताच ठरवून ठेवले आहे. मुलांना खुशाल हसू दे.