झिजली की वाकली?

बोईसर स्टेशन ते तारापूर एमआयडीसी, माझा रोजचा रस्ता. कंटेनरमागे ब्रेक दाबला की लिव्हर बोटांखाली धडधडतो. गाडी वॉरंटीत, जेमतेम साडेचार हजार किलोमीटर चाललेली. सर्व्हिस सेंटरचं उत्तर: "डिस्क वेअर अँड टेअरमध्ये येते, सर."

अहो, झिजणं वेगळं, वाकणं वेगळं! झिजलेली डिस्क पातळ होते. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. मायक्रोमीटर लावा. वाकली असेल तर डायल गेज लावून चाक हाताने फिरवा, काटा सांगेल. आमच्याकडे बग न तपासता 'युजरची चूक' लिहून बंद केला तर लीड सोलून काढेल. इथे न मोजताच निदान, वर "समुद्राची हवा आहे ना" हे ज्ञान. गाडी इथेच विकलीत, तेव्हा समुद्र नव्हता?

दोन्ही रीडिंग जॉब कार्डवर मागा. नकारही लेखीच मागा. पुढे १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातच तक्रार करता येते. गाडी पाच लाखांच्या आतली असेल तर फी शून्य.

चौथ्या फेरीला डायल गेज त्यांच्याच कपाटात सापडलं. प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.