‘प्रतिमा कोणाची?’

निसर्गावरून स्फुरलेले मातीचे अमूर्त शिल्प पाहताच आमचे कित्येक रसिक विचारतात, ‘ही प्रतिमा कोणाची?’ आणि उत्तर न मिळाल्यास त्यास पाश्चात्त्य खूळ ठरवितात. त्यांस आमचा प्रतिप्रश्न असा की, कशेळीच्या खाडीकाठी ओहोटीनंतर चिखलावर उमटणाऱ्या वळ्या कोणाची प्रतिमा आहेत? अनघड तांदळ्यास शेंदूर माखून हात जोडणाऱ्या महाराष्ट्रास अमूर्त परके कसे? ‘हे कुंभारकाम’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे की, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १८७० नंतरच्या दशकातच मृत्पात्रांचे काम चाले, आणि २०१८ साली जयपुरास सिरॅमिक कलेचे स्वतंत्र अखिल भारतीय प्रदर्शन भरले. आमच्या शिल्पप्रदर्शनांनी या भाजल्या मातीस पाषाण व कांस्य यांच्या पंक्तीस बसवावे; कोपऱ्यातील फुलदाणीशेजारी नव्हे.